तो स्ट्रीमर त्याचा कोण लागतो?

"घरात आमच्याशी दोन शब्द धड बोलत नाही आणि त्या स्ट्रीमरसाठी मात्र जीव टाकतो." हे वाक्य इतक्या आईवडिलांकडून ऐकलंय की आता लिहूनच टाकते. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवर लाइव्ह गेम खेळून दाखवणारा, बघणाऱ्यांशी गप्पा मारणारा.

एक आई आणि तिचा १४ वर्षांचा मुलगा माझ्याकडे समुपदेशनासाठी यायचे. पहिले तीन सेशन आईच बोलली. चौथ्या वेळी तिला बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं, मला गेमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, तूच सांग. बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाला, "त्याने एकदा लाइव्हमध्ये माझं नाव घेतलं. म्हणाला, अरे आज लेट आलास."

"आणि घरी लेट आलास तर?"

"ओरडा बसतो."

मला तिथेच सगळं दिसलं. आपण उशिरा आलो हे कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि तो चिडला नाही! मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींनी मुलांच्या जिव्हाळ्याबद्दल जे मांडलं ते मी वर्षानुवर्षं मानत आलेय, आधार वाटेल असं माणूस मूल शोधतंच, घरात कमी पडलं तर बाहेर. पडद्यावरच्या माणसाशी असं एकतर्फी नातं जुळतं हे हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं, टीव्ही-रेडिओवरच्या निवेदकांबद्दल. फरक एवढाच की टीव्हीवरचा माणूस सगळ्यांशी मिळून बोलायचा, हा स्ट्रीमर बघणाऱ्यांनी चॅटमध्ये लिहिलेलं वाचून नाव घेतो, ठरलेल्या वेळी येतो, म्हणून ते नातं खरंच दोन्हीकडून आहे असं वाटायला लागतं.

त्यामुळे मोबाइल काढून घेऊ नका, मुलाला ते मित्र हिरावल्यासारखं वाटतं. शेजारी बसा, बघा, विचारा. स्ट्रीमरची टिंगल तर अजिबात नको. आणि दिवसातली वीस मिनिटं अशी ठेवा की त्यात अभ्यास, मार्क यातलं काहीच येणार नाही, रोज त्याच वेळी, कारण तो स्ट्रीमर पण वेळ पाळतो ना. हां, झोप उडाली, खरे मित्र तुटले किंवा न विचारता तुमच्या कार्डवरून स्ट्रीमरला पैसे पाठवले जातायत असं दिसलं तर मात्र थांबू नका, मदत घ्या.

आईला हे पटायला दोन सेशन गेले. नंतर आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, काल शेवटपर्यंत बघितलं, काही कळलं नाही हो."

मुलगा लगेच, "हिला हिरो कुठला आणि व्हिलन कुठला तेच समजत नव्हतं, मीच सांगत होतो सगळं."

तिच्याकडे बघून बोलत होता.