गॅस लाइनची माहिती गोपनीय, पण किती?

प्रश्न: आमच्या शेतातून गॅसची मोठी लाइन गेलीय आणि घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. लाइन शेवटची कधी तपासली, कुठे गंजलीय का, एवढंच आरटीआयमध्ये विचारलं तर सुरक्षा आणि व्यावसायिक गोपनीयता असं कारण देऊन नकार आला. माझा भाऊ म्हणतो बरोबरच आहे, घातपात झाला तर? तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर: भावाची भीती खोटी नाहीये. कंट्रोल रूमची सिस्टीम, व्हॉल्व्ह स्टेशनचा बंदोबस्त, हे झाकूनच ठेवायला हवं. पण लाइन कुठून जाते हे काय गुपित आहे का, १९६२च्या पाइपलाइन कायद्याखाली जमिनीचा वापर हक्क घेताना गावाचं नाव आणि गट नंबर राजपत्रात छापावे लागतात, आणि शेतात मार्करचे खांब तर उभेच असतात. घातपात करणाऱ्याला रस्ता आधीच दिसतोय, दिसत नाही ते फक्त पाइपाला लागलेला गंज, आणि तो तुम्हालाच दिसत नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. ९ सप्टेंबर २०१०ला तिथे वस्तीखालची ३० इंची लाइन फुटली, ८ माणसं गेली, ३८ घरं जळून खाक झाली आणि गॅस थांबवायला ९५ मिनिटं लागली. चौकशीत निघालं काय, तर कंपनीच्या कागदावर तो पाइप बिनजोडाचा होता आणि जमिनीतला पाइप जोडाचा, वेल्डिंगही सदोष, आणि ही चूक १९५६पासून तशीच कागदात पडून होती!! आपल्याकडे आंध्रातल्या नगरम गावात २७ जून २०१४ला लाइन गळून स्फोट झाला, त्यात वीसच्या वर माणसं गेली. म्हणून मला वाटतं तपासणीचा अहवाल लपवण्यात सुरक्षा कमी आणि धोका जास्त आहे.

आता तुमचं काम. नकारात माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(अ), म्हणजे सुरक्षा, किंवा ८(१)(ड), म्हणजे व्यावसायिक गोपनीयता, लिहिलं असेल, पण त्याच कायद्यात ८(२) आहे, म्हणजे नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, आणि कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून बाकीचा द्यायचा असतो. तेव्हा नकाशे मागूच नका, लाइन टाकल्याचं वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख, सापडलेले दोष, ते कधी दुरुस्त केले आणि गावासाठी आपत्कालीन आराखडा काय, एवढंच मागा. कंपनी सरकारी असेल तर नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत तिच्याकडेच पहिलं अपील करा, केंद्राच्या संस्थांकडे अपिलाला फी नाही. खाजगी असेल तर पीएनजीआरबीकडे, म्हणजे दिल्लीतल्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाकडे नवा अर्ज करा, कारण मंडळ कंपनीकडून जी माहिती कायद्याने मागवू शकतं ती माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(फ) प्रमाणे आपल्यालाही मागता येते. अर्जावर ग्रामपंचायतीचा ठरावही जोडा, जनहिताचा मुद्दा मांडताना तो उपयोगी पडेल.