वाचकांचे प्रश्न : पक्षिनिरीक्षणाच्या छोट्या अंकासाठी स्वयंसेवक

प्रश्न : एका पक्षिनिरीक्षण मंडळाच्या त्रैमासिकाला स्वयंसेवक हवे आहेत. मला जेमतेम तीस-चाळीस पक्षी ओळखता येतात. माझा काही उपयोग होईल का?

होईल. पक्की ओळख लागते ती नोंदी तपासणाऱ्याला, आणि ते काम नवख्याला कोणी देतही नाही. नोंदींचं संकलन, मुद्रितशोधन, फोटो जमवणं, मांडणी, वर्गणीदारांची यादी यांतलं काहीही घ्या. फक्त लेख लिहिण्याची घाई नको. लेख देणारे सहसा मिळतात, अंक रखडतो तो संकलक नसल्यामुळे.

प्रश्न : 'अलीकडच्या नोंदी' हे सदर माझ्याकडे आलं आहे. लोक निरोप, ईमेल, वहीच्या पानाचा फोटो अशा हरतऱ्हेने नोंदी पाठवतात. सुरुवात कशी करू?

आलेला मूळ मजकूर एका फोल्डरमध्ये जसाच्या तसा ठेवा. पुढे वाद झाला तर तोच कामी येतो. मग स्प्रेडशीटच्या एका ओळीत एकच नोंद भरा : तारीख, ठिकाण, पक्षी, संख्या, पाहिला की नुसता ऐकला, निरीक्षक, पुरावा (फोटो, ध्वनिमुद्रण की फक्त वर्णन) आणि तपासणी कुठवर आली. 'ऐकला' हा रकाना बरेच जण गाळतात. घुबडं आणि रातवे यांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा असतो.

सर्वांत मोठा घोळ तारखांचा. '३/४' लिहिलं की स्प्रेडशीट आपल्या सेटिंगप्रमाणे ३ एप्रिल किंवा ४ मार्च धरते. सेटिंग उलटं असेल तर १३ ते ३१ या तारखांचा महिना होऊ शकत नाही, म्हणून त्या नुसता मजकूर म्हणून राहतात. क्रम लावला की काही नोंदी भलत्या महिन्यात आणि उरलेल्या तळाशी गोळा होतात. स्थलांतरी पक्ष्याची आगमनाची तारीख महिनाभर सरकली तर ती नोंद निकामीच. म्हणून भरायला बसण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करा आणि वर्ष-महिना-दिवस असं लिहा : २०२५-०४-०३. मजकूर असूनही क्रम बरोबर लागतो.

एकच पक्षी अनेकांनी कळवला तर संख्यांची बेरीज करू नका. एका तळ्यावर आठ दिवस थांबलेला पक्षी आठ जणांनी पाहिला, तरी पक्षी एकच. पहिली आणि शेवटची तारीख, एका वेळी दिसलेली सर्वाधिक संख्या आणि ज्याला तो सर्वांत आधी दिसला त्याचं नाव, एवढं छापा. ते नाव चुकलं तर रागाची पत्रं हमखास येतात, आणि तो राग रास्तच असतो. 'भरपूर', 'मोठा थवा' असं आलं तर अंदाजे आकडा विचारा. उत्तर आलं नाही तर रकाना मोकळा ठेवा, शून्य घालू नका. शून्याचा अर्थ 'शोधला, पण दिसला नाही' असा होतो.

नुसतं 'बुलबुल' किंवा 'धोबी' चालत नाही, कोणता ते विचारा. शास्त्रीय नावांसाठी एकच यादी आणि तिची एकच आवृत्ती ठरवून ती अंकात जाहीर करा. शिक्र्याचं नाव वर्षानुवर्षं 'आक्सिपिटर बेडियस' होतं. नव्या याद्यांत ते 'टॅकिस्पायझा बेडिया' झालं आहे. एका लेखात जुनं आणि दुसऱ्यात नवं नाव आलं, तर वाचकाला हे दोन पक्षी वाटतात.

प्रश्न : दुर्मीळ पक्ष्याची नोंद नाकारली की पाठवणारे दुखावतात. काय करावं?

निर्णय संकलकाने देऊच नये. निदान दोन जाणकारांनी एकमेकांशी न बोलता मत द्यावं. त्याआधी निरीक्षकाला विचारा : अंतर किती होतं, उजेड कुठून होता, किती वेळ दिसला, जवळच्या जातीपासून वेगळा कशावरून ठरवला. हे प्रश्न पुस्तकातलं चित्र पाठवण्याआधी विचारा, नाहीतर वर्णन चित्रातलं येतं. पुरावा अपुरा असेल तर 'अनिर्णित' म्हणा. ते सौम्यही आहे आणि बहुतेक वेळा खरंही.

प्रश्न : फोटो मोबाइलवर छान दिसतात, छापले की धूसर का होतात?

निरोपाच्या अ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो. छपाईला साधारण ३०० पिक्सेल प्रति इंच लागतात. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो त्या हिशेबाने जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर रुंद छापता येतो. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापून टाकायची जादा कड) धरलं तर ए-४ मुखपृष्ठाला सुमारे २५५० बाय ३५८० पिक्सेल हवेत, तेही कातरून उरलेले. म्हणून फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

इथे एक फट राहते. मूळ फाइलसोबत तिच्यात दडलेली माहितीही येते, आणि मोबाइलचं लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा. डिजिटल अंकासाठी किंवा पुढे पाठवण्यासाठी ती माहिती पुसलेली प्रत वेगळी करा. संवेदनशील जातींच्या बाबतीत ठिकाण तालुक्यापुरतंच सांगा. चालू विणीतल्या घरट्याचे जवळून काढलेले फोटो कितीही देखणे असले तरी परत करावेत, असं आमचं मत आहे. एक छापला की पुढच्या अंकाला दहा येतात.

प्रश्न : मुद्रितशोधनात नेमकं काय निसटतं?

मजकुराच्या ओघात न वाचली जाणारी जागा : फोटोओळी, छायाचित्रकारांची नावं, अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक. यांच्यासाठी वेगळी फेरी ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि जोडाक्षरं शब्द न् शब्द पाहा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं फुटली तर 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळवणारा पर्याय) निवडलाय का, ते आधी बघा.

प्रश्न : मांडणीवाले एखादं पान वाढवायला का तयार होत नाहीत?

मधोमध पिना मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत असतात. ३२ नंतर थेट ३६. अर्ध्या पानाची दोन-तीन टिपणं कायम तयार ठेवा.

प्रश्न : मध्येच काम सोडावं लागलं तर?

एक अंक आधी सांगा आणि तो अंक नव्या माणसाबरोबर करा. स्प्रेडशीट, अंकाचा साचा, वर्गणीदारांची यादी हे सगळं पहिल्यापासून मंडळाच्या खात्यावर असावं, तुमच्या नाही. वर्गणीदारांचे पत्ते स्वतःच्या मोबाइलवर असतील तर जाताना पुसून टाका.