जुनी रोजकीर्द कधी बंद करायची?

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: नवी पद्धत आणली, प्रशिक्षण दिलं, वरून आदेशही निघाला, तरी माणसं जुन्याच वाटेनं जातात. त्यांतली पाच पत्रं इथे घेतो.

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. सहा महिन्यांपूर्वी मशीन शॉपमध्ये टॅब बसवले. मशीन थांबलं की ऑपरेटरनं लगेच कारण नोंदवायचं. प्रत्यक्षात पाळी सुटताना शेवटच्या दहा मिनिटांत सगळं एकदम भरतात, आणि निम्म्या नोंदींपुढे कारण ‘इतर’. दोनदा ट्रेनिंग झालं, मेमो झाले. आता काय?

तिसरं ट्रेनिंग देऊ नका. ज्याला ‘इतर’ सापडतं त्याला बाकीचे पर्यायही सापडतात. खरी नोंद केल्यावर त्या ऑपरेटरच्या वाट्याला काय येतं, ते आधी बघा.

ही गोष्ट मी स्वतः बिघडवलेली आहे. उमेदीच्या काळात शॉपवर ब्रेकडाउन रजिस्टर सुरू केलं होतं. पहिला आठवडा नोंदी अगदी खऱ्या आल्या. ‘इन्सर्ट तुटला, स्टोअरला शिल्लक नाही, ३५ मिनिटं.’ (इन्सर्ट म्हणजे हत्याराचं बदलता येणारं कापायचं टोक.) सोमवारच्या मीटिंगमध्ये मी त्या मोठ्यानं वाचल्या आणि दहा मिनिटांवरच्या प्रत्येक थांब्याचा खुलासा मागितला. पुढच्या आठवड्यापासून एकही मशीन आठ-नऊ मिनिटांच्या वर थांबेना. उत्पादन मात्र होतं तेवढंच. शेवटी मशीन लावून देणाऱ्या एका जुन्या सेटरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “साहेब, खरं लिहिलं की चौकशी आमचीच लागते. इन्सर्ट का नव्हता, हे स्टोअरला कोण विचारतंय?” त्या माणसाला मी तोवर ‘सहकार्य न करणारा’ समजत होतो. मला कुणीच सांगत नव्हतं ते त्यानं सांगितलं.

तुमच्याकडे एकच लाइन निवडा. दोन आठवडे ऑपरेटरकडे एकही खुलासा मागायचा नाही. नोंदीवरून प्रश्न जाईल तो मेंटेनन्स, स्टोअर आणि टूलरूमला. रोज पाळीच्या सुरुवातीला लाइनवर जाऊन, काल नोंदवलेल्या एका तरी अडचणीचं काय झालं ते सांगा. सुटली नसेल तर का, तेही सांगा. कारणांची यादी ऑपरेटरांसोबत बसून नव्यानं करा. ऑफिसात केलेल्या यादीत ‘कूलंट कमी’ असतं, पण ‘क्रेन दुसऱ्या बेमध्ये अडकली’ नसतं, आणि मग उरतं ‘इतर’.

जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना १९८२ साली बंद पडला. गैरहजेरी आणि भांडणं यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तिथेच ‘नुम्मी’ सुरू झाला. कामगार बहुतांश जुनेच, युनियनही तीच. पण दोष दिसला की लाइनवरची इशाऱ्याची दोरी ओढायची मुभा ऑपरेटरला मिळाली, आणि दोरी ओढली की टीम लीडर मदतीला येई. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता अमेरिकेतल्या चांगल्या कारखान्यांच्या तोडीची झाली. तुमच्या टॅबवरची नोंद म्हणजे ती दोरीच आहे. ती ओढल्यावर मेमो आला, तर पुन्हा कोण ओढेल? दिलेले मेमो मागे घेता येत असतील तर घ्या, आणि घेतल्याचं सगळ्यांसमोर सांगा.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी शाखाधिकारी आहे. मार्चअखेरीनंतर नवं सॉफ्टवेअर आलं. आमचे अकाउंटंट, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, अजून हातानं रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी (खातेवार वही) लिहितात. त्यांचं बघून बाकीचेही दोन्हीकडे लिहितात, घरी जायला रात्रीचे आठ होतात. अण्णांची नोकरी २८ वर्षांची, संचालकांत त्यांना मान. मी वयानं लहान, त्यात बाई. त्यांना कसं सांगू?

ताई, आधी अण्णांचं काय गेलंय ते बघू. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बेरजांचा ताळा, जुळेपर्यंत शाखा थांबायची. दोन रुपयांचा फरक आला तर तो कोणत्या व्हाउचरात आहे हे अण्णांना सापडायचं, आणि मग सगळे सुटायचे. आज ती तेरीज बटण दाबलं की येते. पगार तोच आहे, खुर्चीही तीच, पण संध्याकाळी त्यांच्या टेबलाभोवती गोळा होणारी माणसं आता येत नाहीत. हे दुःख खरं आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. बोलायला उरतं एवढंच, ‘कॉम्प्युटरचा भरवसा नाही.’

तरी ते वाक्यही उडवून लावू नका. जुन्या वह्यांतून नव्या प्रणालीत आकडे जाताना चुका होतातच: ठेवीवरचं व्याज कोणत्या तारखेपासून धरलं, थकीत कर्जाचं दंडव्याज कसं आलं, पिग्मी एजंटाचं कमिशन कुठे बसलं. अण्णांना केबिनमध्ये बोलावू नका, तुम्ही त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा. म्हणा, “अण्णा, मला तुमची नजर हवी आहे. मुदत ठेव, सोनेतारण, पिग्मी मिळून पन्नास खाती तुम्ही निवडा. हातानं व्याज काढा, मशीनशी ताडून बघू. फरक निघेल तो तुमच्या सहीनं सॉफ्टवेअरवाल्यांना कळवू.” फरक निघाले तर संस्था वाचली. निघाले नाहीत तर ते अण्णांच्या तोंडून शाखेला कळेल; तुमच्या दहा सूचनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता खरा प्रश्न, दोन्हीकडे लिहिणं थांबवायचं कधी. सुरुवातीला काही काळ दोन्ही चालवणं शहाणपणाचंच होतं, पण त्याला शेवटची तारीख नव्हती, आणि ही चूक संस्थेची आहे. अण्णांबरोबर ठरवा: सलग तीन महिनाअखेरी दोन्हीकडची तेरीज जुळली की वही बंद. त्या दिवशी रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर त्यांनी ‘येथून पुढे संगणकावर’ असं लिहून सही करावी, तुम्ही खाली सही करा, आणि वही तिजोरीत ठेवा. तीन महिन्यांचा ताळमेळ संचालक मंडळापुढे अण्णांनाच मांडू द्या. तिथला त्यांचा मान तुम्हाला अडचण वाटतो, पण या कामात तोच उपयोगी पडेल.

सरकारी बँकांनाही हे चुकलं नव्हतं. नोकऱ्या जातील या भीतीनं कर्मचारी संघटनांचा संगणकाला मोठा विरोध होता. १९८३ साली संघटनांशी लेखी करार झाला, यंत्रं किती आणि कुठे यावर मर्यादा मान्य केल्या गेल्या. त्याच सुमारास बँकांच्या संगणकीकरणासाठी रंगराजन समिती नेमली गेली, १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. काम संथ झालं, पण पुढे गेलं.

वाळूजला आमच्या कंपनीत पाळ्यांच्या वेळा बदलायच्या आहेत. युनियनला आधी सांगितलं तर विरोधाला वेळ मिळेल, म्हणून थेट नोटीस बोर्डावर लावू, असं एचआरचं म्हणणं आहे.

लावू नका. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये अशा बदलासाठी २१ दिवसांची आगाऊ नोटीस होती, आणि त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही २१ दिवस आहेत. तुमच्या स्थायी आदेशांत (कंपनीच्या मंजूर सेवानियमांत) आणि आधीच्या करारात काय लिहिलंय ते वकिलाकडून बघून घ्या.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला नुसतं सांगितलं. त्याचं उत्पादन घसरलं ते सावरलं नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगारांनी नोकरी सोडली. ज्या गटांतल्या सगळ्यांना बदल आखतानाच सामील केलं, ते लवकर सावरले, आधीच्या पुढे गेले, आणि त्या काळात त्यांतलं एकही माणूस गेलं नाही. कारखाना तोच, बदलही त्याच स्वरूपाचा.

वेळा ठरवायला बसाल तेव्हा कागदावर नसलेल्या गोष्टी बाहेर येतील. कंपनीची बस, बायकोची ड्युटी, मुलांची शाळा. आणि शहरात तर नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी घरी कुणीतरी लागतं. हे आधी ऐकलंत तर कदाचित अर्ध्या तासाच्या फरकानं भागेल. नोटीस लागल्यावर ऐकलंत तर तेच अर्ध्या तासाचं भांडण गेटवर होईल.

नाशिकला एका घरच्या कंपनीत मी परचेस बघतो. मालकांनीच सॉफ्टवेअर आणलं, इंडेंटशिवाय (लेखी मागणीशिवाय) माल द्यायचा नाही असं सर्वांसमोर सांगितलं. आणि आता तेच थेट स्टोअरकीपरला फोन करून माल सोडायला लावतात.

मालकांना दुटप्पी ठरवण्याआधी, ते फोन का करतात ते शोधा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: माल किती शिल्लक आहे हे त्यांना पूर्वी एका हाकेत कळायचं, आता लॉगिन करून तीन पानं उघडावी लागतात. रोज सकाळी आठला मुख्य पंधरा वस्तूंची शिल्लक त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला लागा. त्यानं निम्मे फोन कमी होतील असं मला अनुभवावरून वाटतं.

उरलेल्यांसाठी त्यांच्याकडूनच एक नियम मान्य करून घ्या: साहेबांचा फोन आला तर माल सुटेल, पण स्टोअरकीपर त्याच क्षणी ‘तातडीचं, साहेबांच्या सांगण्यावरून’ अशी नोंद करील. महिनाअखेरीला ती यादी घेऊन एकट्यानं त्यांच्याकडे जा. चारचौघांत नको. आणि काहीही झालं तरी स्टोअरकीपरला दोष लागू देऊ नका. मालकाला ‘नाही’ म्हणायची ताकद त्याच्या खुर्चीत नाही, ते तुमचं काम आहे.

पुण्यात आयटी कंपनीत टीम लीड आहे. वरून आलेला बदल (दोन टीम एकत्र करणं) मला स्वतःलाच पटलेला नाही. तरी टीमसमोर उत्साह दाखवायचा का?

उत्साह दाखवू नका. तुमच्याबरोबर रोज जेवणारी माणसं आहेत, त्यांना कळतं. पण ‘वरच्यांनी सांगितलंय, मी काय करू’ असंही म्हणू नका. त्या वाक्यानंतर त्यांना तुमच्याकडे यायचं कारण उरत नाही.

आधी तुमचे आक्षेप वरिष्ठांना लेखी द्या, मुद्द्यांसकट: कोणती डिलिव्हरी लांबेल, कोणाला दोन ठिकाणी काम पडेल. उत्तर आलं की टीमसोबत बसा. काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही, मी काय विचारलं होतं आणि त्याचं काय उत्तर मिळालं, एवढं सांगा. मग रात्रीचे कॉल कोण घेणार आणि अप्रेझल कोण लिहिणार, हे दोन प्रश्न येतील. त्यांची उत्तरं आत्ताच मागून ठेवा, आणि ती मिळेपर्यंत टीमची ही बैठक घेऊ नका.