ट्रान्सफॉर्मरशेजारी बसून वाचायचं पुस्तक

प्रश्न : ताई, मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने जॉन केल या रॉक संगीतकाराचं आत्मचरित्र दिलंय. रात्रपाळीत वाचतो, पण माणसं, बँड, काहीच ओळखीचं नाही. चाळीस पानांवर अडलोय. गाणी ऐकलेली नसताना वाचण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, साक्री

उत्तर : भाऊ, सोडू नका. तुम्ही रात्रभर ज्या आवाजाशेजारी बसता, त्याच आवाजावर या माणसाचं संगीत उभं आहे.

१९६३ साली केल अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कला ला मॉन्टे यंग या संगीतकाराच्या गटात वाजवू लागले. एकच सूर तासन्‌तास धरायचा, आणि तो लावायचा विजेच्या घूंऽऽ आवाजाशी! तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून आपल्याला १०० चा सूर ऐकू येतो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. आमच्या गल्लीतल्या भजनात एकतारी हेच काम करते. केल यांनी आपल्या व्हायोलाची (व्हायोलिनचं थोरलं भावंड) घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती, तासून सपाट केली, वर गिटारच्या तारा चढवल्या, म्हणजे गज एका वेळी अनेक तारांवर फिरावा. लू रीड यांच्यासोबतच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या त्यांच्या बँडचा १९६७ चा पहिला अल्बम घ्या, त्यातलं ‘व्हीनस इन फर्स’ ऐका. ड्यूटीवर नको, घरी. तो व्हायोला तुम्ही लगेच ओळखाल.

बाकी नावं गाळली तरी चालेल. बालपणाची पानं मात्र पुन्हा वाचा. ब्रिटनमधल्या वेल्समधलं खाणकामगारांचं गाव. आजीने घरात इंग्रजीला बंदी घातलेली, वडिलांना घरची वेल्श भाषा येत नाही. सातव्या वर्षाच्या सुमारास शाळेत इंग्रजी शिकेपर्यंत या मुलाला बापाशी धड बोलताच आलं नाही. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. अमळनेरला शाळेच्या पहिल्या दिवशी मी ‘मनं नाव’ म्हणून सुरुवात केली आणि वर्ग हसला. पण संध्याकाळी ते रडत सांगायला बाप होता, आणि त्याला माझी अहिराणी कळत होती. केल यांना तेवढंही नव्हतं.

मुलाने पुस्तक दिलंय, तर त्याला फोन करून सांगा तुम्हाला काय ऐकू आलं ते. अहिराणीतच सांगा.