‘द अनस्पोकन किंग’च्या अपयशाचे खापर एकट्या गायकावर फोडता येईल का?

क्रिप्टॉप्सी या डेथ मेटल (मेटल संगीताचा अतिवेगवान, गुरगुरत्या आवाजातल्या गायनाचा प्रकार) बँडचा २००८ चा ‘द अनस्पोकन किंग’ हा अल्बम केवळ नव्या गायकामुळे फसला का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे: तो फसला रचनेत, आणि रचनेची जबाबदारी सगळ्या बँडची होती.

कॅनडातल्या माँट्रियलच्या या बँडकडून श्रोत्यांच्या एवढ्या अपेक्षा का होत्या, हे १९९६ चा ‘नन सो व्हाइल’ ऐकल्यावर कळते. आठ गाणी, सुमारे अर्ध्या तासाचा ऐवज आणि त्यात भरीला घातलेले काहीही नाही. त्यातले ‘फोबोफाइल’ लक्ष देऊन ऐकावे. आधी नुसता पियानो वाजतो, मग बेस गिटार एकटी पुढे येते, आणि त्यानंतर सगळा बँड तुटून पडतो तेव्हा त्या वेगाला अर्थ प्राप्त होतो, कारण त्याआधीच्या शांततेने आपल्याला ताणून धरलेले असते. फ्लो मूनिए यांचे ड्रम कितीही वेगात गेले तरी गिटारवादक जॉन लव्हासर यांचे रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे स्वरतुकडे) त्या वेगातही स्पष्ट ओळखू येतात; मला या बँडचे खरे मोठेपण तिथेच वाटत आले आहे.

लव्हासर २००५ मध्ये बाहेर पडले. मूळ गायक लॉर्ड वर्म त्याच वर्षीच्या ‘वन्स वॉज नॉट’साठी परत आले होते, पण २००७ मध्ये तेही पुन्हा गेले. त्यांच्या जागी मॅट मॅकगॅची आले, कीबोर्डची भर पडली आणि ‘द अनस्पोकन किंग’मध्ये त्या काळी जोरात असलेल्या डेथकोअरची, म्हणजे डेथ मेटल आणि हार्डकोअर यांच्या मिश्रणाची, छाप उमटली. मध्येच येणारे सुरेल गायन चाहत्यांना सर्वाधिक खटकले आणि सारा रोष मॅकगॅची यांच्यावर निघाला. ते गायन मलाही आवडत नाही. मात्र ते वगळून ऐकले तरी गाणी उभी राहत नाहीत, कारण रिफ आकार घेण्याआधीच ब्रेकडाउन (वेग एकदम कमी करून ठोके जड करणारा भाग) येऊन तो कापून टाकतो, आणि एक भाग संपून दुसरा का सुरू झाला याला संगीतातून काही कारण मिळत नाही. मूनिए इथेही अप्रतिम वाजवतात, आणि म्हणूनच मला हा अल्बम अधिक क्लेशदायक वाटतो: एवढे कसब हाताशी असताना त्याला पेलणारी रचनाच नाही.

माझ्या मताचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे बँडच्याच नावाने आलेला २०१२ चा अल्बम. त्यात गायक तेच आहेत, सुरेल गायन मात्र नाही, लव्हासर गिटारवर परतले आहेत आणि अनेक जुन्या चाहत्यांनी तो मनापासून स्वीकारला. मॅकगॅची यांचा आवाजच मुळात दोषी असता, तर हे शक्य झाले नसते. आपण हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत आणि पहिल्यांदा आवाजाकडे लक्ष न देता फक्त गिटारचा माग काढावा, अशी माझी विनंती आहे.