सही करण्याआधी: एका तरुण कार्यकर्तीला पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. तुमचा पक्ष सत्तेत आहे, पोटनिवडणुका हरतोय, आणि नेता बदलायचा की ठेवायचा यावरून वरपासून तालुक्यापर्यंत दोन तट पडलेत. एक गट बैठकीला आला की दुसरा उठून जातो. आता तुझ्यापुढे नेतृत्वबदलाच्या मागणीचं पत्रक ठेवलंय आणि सही केली नाहीस तर पुढच्या वेळी तिकिटाचा विचार होणार नाही, असा निरोपही आलाय. मी कुठल्या बाजूला उभी राहू, असं तू विचारतेस.

बाजू मी सांगणार नाही. तुमच्या दोन्ही नेत्यांना मी ओळखत नाही आणि लांबून सल्ले देणाऱ्यांनी पक्षांचं भलं केल्याचं मी पाहिलेलं नाही. पण सत्तेतला पक्ष आतून कसा फुटतो हे मी कार्यकर्ता म्हणून खालून पाहिलंय. जनता पक्षाचं नाव तुझ्या पिढीला आणीबाणीच्या धड्यातल्या एखाद्या ओळीपुरतं माहीत असेल. त्या पक्षाचं नेमकं काय झालं ते नीट समजून घे, मग पत्रकाचं काय करायचं ते बघू.

18 जानेवारी 1977 ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. नेते तुरुंगातून सुटत होते. पाचच दिवसांत, 23 जानेवारीला, जनता पक्षाची घोषणा झाली. संघटना काँग्रेस (1969 च्या फुटीत इंदिराजींपासून वेगळी झालेली काँग्रेस), जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी असे चार पक्ष एकत्र आले. चंद्रशेखर, मोहन धारिया यांच्यासारखे काँग्रेसमधून बाहेर पडलेले, 'तरुण तुर्क' म्हटले जाणारे बंडखोरही होते. फेब्रुवारीत जगजीवनराम काँग्रेस सोडून आले. स्वतःचं चिन्ह घ्यायलाही वेळ नव्हता, म्हणून लोकदलाचा नांगरधारी शेतकरी घेतला. आम्ही कोकणात सभा घ्यायचो आणि सभा संपली की चादर फिरवायचो. चार आणे, आठ आणे, क्वचित पाचाची नोट. मोलकरणी, मच्छी विकणाऱ्या बायका पदराची गाठ सोडून पैसे टाकत. तेवढ्या पैशांवर निवडणूक लढलो आणि जिंकलो. देशात 295 जागा आल्या. उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही.

मग पंतप्रधान ठरवायची वेळ आली. संघटना काँग्रेसचे मोरारजीभाई देसाई, जगजीवनराम आणि लोकदलाचे चरणसिंग असे तिघे इच्छुक. निवडून आलेले खासदार दिल्लीत होते, एका दिवसात गुप्त मतदान घेता आलं असतं. ते घेतलं नाही. जयप्रकाश नारायण म्हणजे जेपी आणि आचार्य कृपलानी या दोन वडीलधाऱ्यांवर निर्णय सोपवला. चरणसिंग रुग्णालयात होते. जगजीवनराम नकोत म्हणून त्यांनी तिथूनच मोरारजींच्या बाजूने पत्र पाठवलं. मोरारजींचं नाव जाहीर झालं आणि 24 मार्चला ते पंतप्रधान झाले. जगजीवनराम इतके दुखावले की शपथविधीला आलेच नाहीत.

जेपी आणि कृपलानी यांच्याइतकी निःस्वार्थ माणसं त्या काळात शोधून सापडली नसती, हे मी आजही मनापासून म्हणतो. पण मत मोजलं गेलं असतं तर हरणाऱ्याला आपण किती मतांनी हरलो हे कळलं असतं, आणि जिंकणाऱ्याला आपल्यामागे किती जण आहेत हे. आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस हार पचवतो. इथे आकडाच नव्हता. तिघांनाही शेवटपर्यंत वाटत राहिलं की खरा नेता मीच.

पुढे सगळंच वाटपाने ठरू लागलं. जून 1977 मध्ये राज्यांच्या निवडणुका झाल्या. उत्तर प्रदेश, बिहार आणि हरियाणाचे मुख्यमंत्री लोकदलाच्या बाजूचे झाले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचलचे जनसंघाचे. पक्ष एक, झेंडा एक, पण कुठला मुख्यमंत्री कोणाच्या वाट्याचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. संघटनेच्या निवडणुका घ्यायच्या ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या, पुन्हा ठरल्या, पुन्हा ढकलल्या. निवडणूक झाली तर दुसरा घटक पक्ष संघटना गिळेल अशी प्रत्येकाला धास्ती. मी सभासद नोंदणीची पावती पुस्तकं हाताळलीत. पन्नास पावत्यांचं पुस्तक, पन्नास वेगवेगळी नावं, आणि पहिल्यापासून शेवटच्या पावतीपर्यंत अक्षर एकाच माणसाचं, शाईही एकच. फीचे पैसे कोणीतरी एकरकमी भरलेले. वरचे नेते दिल्लीत भांडत होते त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे या पुस्तकांत पक्ष पोखरला जात होता. तुमच्या तालुक्याची सभासद यादी तू कधी उघडून पाहिलीस का? नसेल तर आधी ती पाहा.

1978 चं वर्ष पत्रांचं आणि निवेदनांचं. गृहमंत्री चरणसिंगांनी पंतप्रधानांच्या मुलाची, कांतिभाईंची, चौकशी मागितली. पत्रं गेली, उत्तरं आली, आणि पंतप्रधान आणि गृहमंत्री यांच्यातला खासगी पत्रव्यवहार सभागृहासमोर ठेवा अशी मागणी संसदेत होऊ लागली. आरोग्यमंत्री राजनारायण, रायबरेलीत इंदिराजींना हरवणारे, यांनी शिमल्यात रिज या मोकळ्या जागेवर बंदी असताना सभा घेतली. बंदी घालणारं सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. इंदिराजींवर खटले चालवता येत नाहीत म्हणून लोक आपल्याला नामर्द समजू लागलेत, असं निवेदन चरणसिंगांनी काढलं, ज्या मंत्रिमंडळात ते स्वतः होते त्याच्याबद्दल. जूनच्या अखेरीला मोरारजींनी दोघांचेही राजीनामे मागितले.

हे सगळं वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं, आणि ते वाचणाऱ्यांत चादरीवर चार आणे टाकणारे लोकही होते. नोव्हेंबरात इंदिराजी चिकमगळूरमधून निवडून लोकसभेत परतल्या.

मला विचारशील तर सगळ्यात मोठी चूक जानेवारी 1979 मध्ये झाली. डिसेंबरात चरणसिंगांनी आपल्या वाढदिवशी दिल्लीत बोट क्लबवर शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा भरवला. मोरारजी नमले, आणि महिन्याभरात चरणसिंग उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री म्हणून परत आले. जगजीवनराम नाराज होऊ नयेत म्हणून त्यांनाही उपपंतप्रधान केलं. शिस्तभंग म्हणून काढलेला माणूस आधीपेक्षा वरच्या पदावर परत आला. ज्या आरोपांवरून एवढा गदारोळ झाला त्यांचा निकाल लागला नाही; चौकशीचंही भिजत घोंगडं राहिलं. यातून पक्षातल्या प्रत्येक गटाने एकच धडा घेतला: धमकी दिली की मिळतं. पुढच्या सहा महिन्यांत रामनरेश यादव, कर्पूरी ठाकूर आणि देवीलाल हे तिन्ही मुख्यमंत्री आपल्याच पक्षातल्यांनी पाडले.

त्याच सुमाराला दुहेरी सदस्यत्वाचा वाद टोकाला गेला. जनता पक्षाचा सभासद राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचाही सभासद असू शकतो का, हा प्रश्न. आपले मधू लिमये पक्षाचे सरचिटणीस होते. मंत्रिपद न घेता ते संघटनेत राहिले होते आणि हा प्रश्न त्यांनी तळमळीने लावून धरला. माझ्या मते प्रश्न खरा होता आणि विचारायलाच हवा होता. पण तो पक्ष जन्मला त्या आठवड्यात विचारायला हवा होता. दोन वर्षांनी, पदांची मारामारी शिगेला पोहोचल्यावर, तोच प्रश्न ज्यांना सरकार पाडायचं होतं त्यांच्या हाती गेला, आणि मधूभाऊंचा खरेपणाही त्या गोंधळात बुडाला. तुमच्या पत्रकातही 'तत्त्व', 'विचारधारा' हे शब्द असतील. त्या तत्त्वाबद्दल सही मागणारा माणूस पद हाती असताना काय बोलत होता, एवढं शोध.

जुलै 1979 मध्ये यशवंतराव चव्हाणांनी विरोधी पक्षनेते म्हणून अविश्वासाचा ठराव मांडला. सुरुवातीला त्यात फारसा दम आहे असं कोणाला वाटत नव्हतं. पण राजनारायण आधीच बाहेर पडले होते, त्यांच्या मागोमाग खासदारांची रांग लागली. जॉर्ज फर्नांडिस यांनी लोकसभेत सरकारच्या बचावाचं घणाघाती भाषण केलं आणि काही दिवसांच्या आत तेच सरकारमधून बाहेर पडले. जॉर्ज आमचा माणूस, मुंबई बंद करून दाखवणारा. ते भाषण आणि तो राजीनामा यांची सांगड आम्हा कार्यकर्त्यांना घालता आली नाही. लोकांना काय सांगायचं होतं आम्ही? म्हणून तुला एक गोष्ट बजावून सांगतो: जायचं असेल तर आधी राजीनामा दे आणि मग बोल. राहायचं असेल तर जे सभेत बोलतेस तेच मतदानात कर.

15 जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. 28 जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. ज्या इंदिराजींना तुरुंगात घालण्यावरून हे भांडत होते, त्यांच्याच पाठिंब्यावर हे सरकार उभं राहिलं. तो पाठिंबा निघाला आणि लोकसभेला एकदाही सामोरं न जाता 20 ऑगस्टला चरणसिंगांनी राजीनामा दिला. जानेवारी 1980 च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला 353 जागा आल्या. जनता पक्ष 295 वरून 31 वर आला. जेपी हा निकाल बघायला नव्हते, ते ऑक्टोबरातच गेले.

हे फक्त जनता पक्षातच घडतं असं समजू नकोस. 1978 मध्ये आपल्या महाराष्ट्रात 99 जागा घेऊन जनता पक्ष सर्वात मोठा ठरला, तरी फुटून वेगळ्या लढलेल्या दोन काँग्रेस एकत्र येऊन वसंतदादा पाटलांचं सरकार बनलं. त्या दोन काँग्रेसचं भांडण मंत्रिमंडळाच्या बैठकीतून बाहेर येऊन जाहीर सभांत पोचलं, आणि चार महिन्यांत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले. अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले ते, जनता पक्षाच्या पाठिंब्यावर.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते यापुढचं. या सरकारने कामं केली होती. 44 वी घटनादुरुस्ती करून केवळ 'अंतर्गत अशांतता' म्हणत आणीबाणी लादायची वाट बंद केली. ही दुरुस्ती आजही तुला-मला राखते आहे. आमचे राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. 1974 च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत घेतलं. लांबच्या गाड्यांतल्या दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंची गादी बसवली. आज तू रात्रीच्या गाडीने झोपून जातेस ती त्या माणसामुळे. दंडवते मंत्रिमंडळात होते, कोण कुठल्या गटाचा हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी गटबाजीच्या बातम्यांत त्यांचं नाव शोधून सापडायचं नाही. सरकार पडताना ते उड्या मारून तिकडे गेले नाहीत. आणि 1980 च्या त्या लाटेतही राजापूरने त्यांनाच निवडून दिलं.

आता तुझं पत्रक. ते तुला कोणीतरी घरी आणून दिलं, एकटीला, आणि लगेच सही मागितली. अशा कागदावर सही करू नकोस, मग तो कुठल्याही गटाचा असो. पत्रकात लिहिलंय ते तुला पटत असेल, तर तेच बैठकीत उभं राहून, ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या माणसांसमोर बोल. तिथे बोलता येत नसेल तर त्यातलं काय पटत नाही याचा विचार कर. नेत्याविरुद्ध बोलणं म्हणजे गद्दारी, असं जो सांगतो त्याचंही ऐकू नकोस. हरणाऱ्या पक्षात 'का हरतोय' हे विचारणाऱ्याची गरज असते. भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर चौकशी माग आणि ती तडीला जाईपर्यंत मागत राहा, मध्येच कोणाला मंत्रिपद मिळालं म्हणून सोडू नकोस. एका गटाचे निरोप दुसरीकडे पोचवायचं काम तर कोणी सोन्याचं ताट दिलं तरी घेऊ नकोस. निरोप्याला दोन्हीकडे चहा मिळतो, पण समेट झाला की पहिला बळी त्याचाच जातो.

तिकिटाची धमकी मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तुझी पाच वर्षांची मेहनत आहे, वॉर्डातली माणसं तुझ्या नावाने ओळखतात, आणि सही न केल्याने तिकीट खरंच जाऊ शकतं. गेलं तर वाईट वाटेल, वाटायलाच हवं. तरी ज्याच्या सहीवर तिकीट मिळतं, त्याच्या पुढच्या सहीलाही मग नाही म्हणता येत नाही. हा हिशेब तुझा तू कर. मी तुझ्या जागी नाही.

येत्या रविवारी तालुक्याची बैठक आहे म्हणालीस. इतिवृत्ताची वही तुझ्याकडे असते ना? ती घेऊन जा. आल्या आल्या हजेरीच्या सह्या घे, दोन्ही गटांच्या. पत्रक ज्यांनी काढलंय त्यांनाच ते वाचून दाखवायला सांग आणि त्यावर ठराव मांडायचा की नाही ते विचार. ठराव आला तर मतदान माग, चिठ्ठ्या टाकून, आणि सभासद यादीत ज्यांचं नाव आहे त्यांचंच. आकडा वहीत लिही, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती, आणि अध्यक्षांची सही घेतल्याशिवाय वही बंद करू नकोस. ते मतदानाला तयार झाले नाहीत, तर मागणी केली आणि नाकारली हेही लिही. मग मला फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
काका