कमांड ‘बजावली’ म्हणजे नक्की काय झालं?

एकाने विचारलंय की डिप्लोमाच्या पोरांसाठी टेस्ट इन्स्ट्रुमेंटच्या, म्हणजे सर्किट तपासायच्या मोजणी यंत्रांच्या, नोट्स मराठीत लिहितोय, तर ‘कंट्रोलरने (यंत्राला कमांड पाठवणाऱ्या कॉम्प्युटरने) कमांड बजावली’ लिहू की ‘इन्स्ट्रुमेंटने कमांड बजावली’, आणि कमांडला आदेश म्हणू की आज्ञा.

बजावणे दोन्हीकडे चालतं, आणि म्हणूनच ते नोट्समधून काढून टाका. बेलिफ नोटीस बजावतो म्हणजे हातात देऊन सही घेतो, पुढे समोरचा काही करो न करो. पण कर्तव्य बजावलं म्हणजे पार पाडलं. एकच क्रियापद, एकीकडे नुसतं पोचवणं आणि दुसरीकडे काम पुरं करणं, आणि इन्स्ट्रुमेंटच्या धंद्यात निम्मा मनस्ताप याच फरकामुळे होतो. ‘कमांड गेली ना, मग झालं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी डोकं उठतं. अरे गेली म्हणजे फक्त इनपुट बफरमध्ये, इन्स्ट्रुमेंटच्या आवक पेटीत, पडली! तिथून पार्सर, म्हणजे कमांडचा अर्थ लावणारा भाग, ती अक्षर अक्षर वाचणार, मग एक्झिक्युशनकडे देणार, मग हार्डवेअर हलणार.

एकदा एका स्पेक्ट्रम अनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल किती ते दाखवणाऱ्या यंत्रावर) सर्किट बोर्ड तपासायचा प्रोग्रॅम बघायला मला बसवलं होतं. प्रोग्रॅम साधा, सिंगल स्वीप (सगळ्या फ्रिक्वेन्सींवरून एक फेरी) चालू कर, मार्कर म्हणजे पडद्यावरची खूण पीकवर ने, आकडा वाच. चांगला बोर्ड फेल आणि बिघडलेला पास होत होता. कारण स्वीप चालू करायची कमांड ओव्हरलॅप्ड असते, स्वीप संपायची वाट न बघता इन्स्ट्रुमेंट पुढची कमांड घेतं, म्हणून मार्कर जुन्याच ट्रेसवर, आधीच्या फेरीच्या आलेखावर, जाऊन बसायचा आणि दुसऱ्या बोर्डाला पहिल्याचं रीडिंग, तिसऱ्याला दुसऱ्याचं असं चाललेलं. स्वीपच्या कमांडनंतर ‘स्टार ओपीसी क्वेरी’ (*OPC?, म्हणजे ‘हातातली कामं संपली का?’ असा इन्स्ट्रुमेंटला प्रश्न) टाकली, तिचं उत्तर वाचूनच पुढे जायचं असं केलं, कंट्रोलरचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, स्वीपच्या वेळेपेक्षा मोठा ठेवला आणि सगळं जागेवर आलं.

आता आदेश की आज्ञा. परिभाषा ठरवणारे आदेशावर अडून बसतात, त्यांना तो शब्द ऑफिशियल वाटतो. माझं मत साफ उलटं आहे. आदेश आला ‘दिश्’पासून, म्हणजे दाखवणं, आणि व्याकरणात तर आदेश म्हणजे एका वर्णाच्या जागी दुसरा येऊन बसणं, ‘शत्रुवदादेशः’, आदेश शत्रूसारखा जागा बळकावतो, हे शिकलेल्या माणसाला विचारा. आज्ञा मात्र ‘ज्ञा’पासून, जाणणं! आ-ज्ञा म्हणजे नीट कळणं, आणि त्याचं प्रयोजक आज्ञापयति, म्हणजे कळवणं, म्हणजेच हुकूम करणं. गिरनारच्या तिसऱ्या शिलालेखात अशोक म्हणतो ‘मया इदं आञपितं’, मी हे आज्ञापिलं आहे. मराठेशाहीतली पत्रंही ‘आज्ञा केली ऐसी जे’ म्हणून मग मजकूर सांगतात, आधी कळवणं, पाळणं नंतर.

आणि इन्स्ट्रुमेंटही हेच दोन टप्पे वेगळे ठेवतं, एरर नंबर बघा. स्किपी ही कमांडची सामाईक भाषा 1990 मध्ये आली, तिच्यात उणे 100 च्या घरातले एरर म्हणजे कमांड कळलीच नाही, उणे 113 म्हणजे असला शब्दच माहीत नाही. उणे 200 च्या घरातले म्हणजे कळलं, पण करता येत नाही, 30 व्होल्टच्या पॉवर सप्लायला 50 मागितले की उणे 222. पहिल्यात आज्ञा कळलीच नाही, दुसऱ्यात आज्ञा झाली पण पाळली गेली नाही. आदेश म्हणून हा भेद कसा दाखवणार ते त्या मंडळींनी मला एकदा दाखवावं.

खरी गंमत पुढे आहे. ह्याच आज्ञेचं प्राकृतात ‘आणा’ झालं आणि तिथून मराठीत ‘आण’, तुला माझी आण आहे मधली. वरून खाली येताना आज्ञा, आणि खालच्याने छातीवर हात ठेवून सांगितली की आण. स्टार ओपीसी क्वेरीचं उत्तर काय येतं? नुसता 1. हाती घेतलेली सगळी ऑपरेशन्स पुरी झाल्याशिवाय इन्स्ट्रुमेंटने तो 1 आउटपुट क्यूमध्ये, म्हणजे उत्तरांच्या रांगेत, ठेवायचाच नाही, असा आयट्रिपलई 488.2 या इन्स्ट्रुमेंटच्या संवादाच्या स्टँडर्डचा 1987 पासूनचा नियम आहे. माझ्या लेखी तो 1 म्हणजे इन्स्ट्रुमेंटने घेतलेली आण. कुणी म्हणेल ओढूनताणून जुळवलंय, पण मी वर्गात असंच सांगतो आणि पोरं ती क्वेरी टाकायला परत विसरत नाहीत.

तर नोट्समध्ये कंट्रोलर कमांड ‘पाठवतो’, पार्सरला ती ‘कळते’, इन्स्ट्रुमेंट ती ‘पाळतं’, अशी तीन क्रियापदं लिहा. आणि क्वेरीला पृच्छा वगैरे नको, क्वेरीच म्हणा, फक्त तिचं उत्तर न वाचता पुढची कमांड पाठवली तर जुनं उत्तर फेकलं जातं आणि उणे 410 येतो, तेवढं ठळक अक्षरात छापा.